तीच यादी दुसऱ्यांदा

माझ्या स्मृतिचाचण्यांच्या दुसऱ्या सत्राचा पहिलाच दिवस होता. पंधरा दिवसांपूर्वी येऊन गेलेला पहिला सहभागी खुर्चीवर बसला, मी सूचनांचा कागद पुढे ओढला आणि काही वाचायच्या आत तो म्हणाला, “ताई, कंदील, पूल, टोपी, नदी... तीच ना?” एका दमात त्याने नऊ शब्द म्हणून दाखवले. (येथे आणि पुढे दिलेले शब्द खऱ्या यादीतले नाहीत. चाचणीतले शब्द छापून आले की ती चाचणी निकामी होते, म्हणून ते बदलले आहेत.) मी खूश होईन असे त्याला वाटले असावे. मी मात्र कागद खाली ठेवला, कारण पंधरा शब्दांची तीच यादी त्याला पुन्हा ऐकवून मी जे काही मोजणार होते, त्याला पहिल्या दिवसाच्या मापनाची पुनरावृत्ती म्हणता आले नसते.

मी कशाच्या मागे होते ते सांगायला थोडे मागे जावे लागेल. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी लघुप्रबंधासाठी मी झोप आणि विस्मरण यांच्या संबंधाचा विषय निवडला होता. प्रस्ताव घेऊन गेले तेव्हा मार्गदर्शक मॅडमनी शेवटचे पान आधी उघडले, कारण चाचण्यांची यादी तेथे होती, आणि विचारले, “यांची विश्वसनीयता किती?” मी मूळ पुस्तिकांमधले आकडे सांगितले. त्या म्हणाल्या, “ते त्यांच्या नमुन्याचे आकडे झाले. तू भाषा बदललीस, शब्द बदललेस, कागदाच्या जागी संगणक आणलास. आता तुझे आकडे सांग.” माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. विश्वसनीयता हा चाचणीच्या अंगचा गुण नसतो, विशिष्ट लोकांकडून विशिष्ट परिस्थितीत मिळालेल्या गुणांबद्दलच ती सांगता येते, हे वाक्य मी परीक्षेत लिहून आले होते आणि त्याला पूर्ण गुणही मिळाले होते. त्या दिवशी ते वाक्य मला पहिल्यांदा समजले. झोपेचा विषय बाजूला राहिला आणि चाचण्यांचीच चाचणी घेणे हा माझा प्रबंध झाला.

विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजले असता तेच माप मिळणे आणि सप्रमाणता, जिला काही जण वैधता म्हणतात, म्हणजे जे मोजतो असे आपण म्हणतो तेच मोजले जाणे, एवढी व्याख्या सर्वांना पाठ असते. अडचण पुढे आहे. एखाद्याची उंची आज मोजली म्हणून उद्या ती बदलत नाही. स्मृतीचे तसे नाही. ज्याची स्मृती मोजली, तो ते मापनच लक्षात ठेवतो, आणि लक्षात ठेवण्याची ही क्षमताच तर आपल्याला मोजायची असते. ज्याची स्मृती चांगली, त्याच्या बाबतीत दुसरे मापन अधिक बिघडते. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेले स्मृतीचे प्रयोग स्वतःवरच केले होते आणि त्यासाठी सुमारे २,३०० निरर्थक पदे तयार केली होती. इतकी पदे कशाला, असे मला विद्यार्थिदशेत वाटायचे. तेच पद पुन्हा पुढे आले की जुने शिकणे आडवे येते, हे त्यांना स्वतःच्याच डोक्यात अनुभवावे लागले असणार. गंमत अशी, की एकदा शिकलेली यादी पुन्हा शिकताना किती श्रम वाचतात, हेच त्यांनी धारणेचे माप मानले. माझ्या पुनर्चाचणीत जो दोष होता, तोच त्यांच्या पद्धतीचा पाया होता.

मी चार कार्ये निवडली होती. पहिले कार्य पंधरा शब्दांच्या यादीचे. ती पाच वेळा ऐकवायची, दर वेळी आठवतील तेवढे शब्द सांगायला लावायचे, मग मध्ये दुसरी यादी ऐकवून पहिलीचे शब्द पुन्हा विचारायचे आणि अर्ध्या तासाने आणखी एकदा विचारायचे. रे यांच्या शाब्दिक अध्ययन चाचणीचा हा आराखडा सर्वपरिचित आहे. दुसरे अंकविस्ताराचे, म्हणजे ऐकलेले अंक त्याच क्रमाने आणि मग उलट क्रमाने सांगण्याचे. तिसरे कार्यकारी स्मृतीचे, म्हणजे दुसरे काम करता करता माहिती मनात धरून ठेवण्याचे, संमिश्र कार्य: एक सोपे गणित बरोबर की चूक ते सांगायचे, लगेच येणारे एक अक्षर लक्षात ठेवायचे, पुन्हा गणित, पुन्हा अक्षर, आणि शेवटी सगळी अक्षरे क्रमाने सांगायची. चौथे एन-बॅक, ज्यात पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चिन्हांपैकी आताचे चिन्ह दोन घरे मागच्याशी जुळते का, एवढेच कळ दाबून सांगायचे असते.

तिसऱ्या कार्याने मला सर्वांत आधी जमिनीवर आणले. उच्चाराने सारखी वाटणारी अक्षरे क्रमाने आठवताना चुका वाढतात, आणि अक्षरे डोळ्यांनी वाचलेली असली तरी त्या चुका कानाच्या असतात, हे कॉनरॅड यांनी १९६४ मध्ये दाखवले होते. म्हणून इंग्रजी अक्षरे घेणारे संशोधक यमक जुळणारी अक्षरे टाळून निवड करतात. मी पहिल्या मसुद्यात बारा देवनागरी व्यंजने घेतली आणि क-ख, ट-ठ अशा जोड्या तेवढ्या टाळल्या. पथदर्शी अभ्यासात चांगली चुणचुणीत माणसे चार-पाच अक्षरांतच अडखळू लागली, तेव्हा कारण कळायला दोन दिवस लागले, आणि कळल्यावर स्वतःचेच हसू आले. आपल्या प्रत्येक व्यंजनाच्या उच्चारात शेवटी ‘अ’ असतो. क, म, स, ह काहीही निवडा, आपली सगळी व्यंजनमालाच एकमेकींशी यमक जुळवत बसलेली आहे. इंग्रजीत जो दोष निवड करून टाळता येतो, तो आपल्या लिपीत निवड करून टाळता येत नाही. शेवटी मी अक्षरे सोडून दिली आणि एकमेकांशी यमक न जुळणारे बारा दोन अक्षरी शब्द घेतले. त्याने यमकाचा प्रश्न सुटला, पण शब्दांना अर्थ असतो, अर्थांची गोष्ट रचता येते, आणि गोष्ट रचणाऱ्याला जे सोपे जाते ते नुसते घोकणाऱ्याला जात नाही. एक दोष दाराबाहेर काढला तर दुसरा खिडकीतून आत आला.

अंकविस्ताराबाबत माझी समजूत होती, की आकडे कोणत्याही भाषेत आकडेच. एलिस आणि हेनेली यांच्या १९८० च्या अभ्यासात वेल्श आणि इंग्रजी दोन्ही भाषा येणाऱ्यांचा अंकविस्तार वेल्शमध्ये कमी भरला होता, आणि त्याचे कारण बुद्धीत नसून वेल्श आकडे उच्चारायला लागणाऱ्या अधिक वेळात होते. हे वाचल्यावर एका भाषेतले मानदंड दुसऱ्या भाषेत उचलून आणण्याचा माझा बेत मी मुकाट्याने खोडून टाकला.

आता पुन्हा त्या नऊ शब्दांकडे. तोच सहभागी नव्हे, त्या आठवड्यात आलेल्या बहुतेकांना थोडेफार शब्द आठवत होते. मॅडमना सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, “मग समांतर याद्या का केल्या नाहीस?” वेळ वाचवण्यासाठी, हे खरे उत्तर होते. समांतर यादी म्हणजे नुसते दुसरे पंधरा शब्द नव्हेत. शब्दांची लांबी, रोजच्या वापरातील वारंवारता, त्यांचे चित्र डोळ्यांसमोर किती सहज उभे राहते, या सगळ्यांत दोन्ही याद्या जुळाव्या लागतात. शब्दांच्या वारंवारतेची तयार, विश्वासार्ह कोष्टके हाताशी नसल्याने मी वीस जणांना बसवून प्रत्येक शब्दाला परिचितता आणि चित्रमयता यांसाठी एक ते सात गुण द्यायला लावले. त्यात महिना गेला. तीन याद्या झाल्या, सरासरी जुळल्या, मी निर्धास्त झाले.

तरीही तिसरी यादी सोपी निघाली. सरासरी गुण सतत वर जात होते आणि शब्दनिहाय आकड्यांत काही सापडत नव्हते. एके दिवशी ध्वनिफीत ऐकताना लक्षात आले, की बहुतेक सगळे ‘सुई’ आणि ‘दोरा’ एकापाठोपाठ एक सांगत आहेत, यादीत त्यांच्यामध्ये सहा शब्द असतानाही. प्रत्येक शब्द सुटा तोलला होता, शब्दांमधले नाते कोणी तोलले नव्हते. त्याहून मजेदार म्हणजे तिघांनी त्या यादीत नसलेला ‘शिंपी’ हा शब्दही ठामपणे सांगितला होता. डीझ यांनी १९५९ मध्ये आणि रोडिगर व मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये नेमके हेच मुद्दाम घडवून दाखवले आहे: परस्परसंबंधित शब्दांची यादी ऐकवली की न ऐकवलेला मध्यवर्ती शब्दही ऐकल्याचे लोक खात्रीने सांगतात. माझ्या गुणदान पद्धतीत अशा घुसखोर शब्दांना काहीच स्थान नव्हते. चौदा बरोबर आणि चार घुसखोर सांगणारा सहभागी, चौदा बरोबर आणि एकही घुसखोर न सांगणाऱ्या सहभाग्याच्या बरोबरीने बसत होता. मी शिंप्याचे घर मोडले, म्हणजे ‘दोरा’ काढून दुसरा शब्द घातला, घुसखोर शब्दांसाठी वेगळा रकाना आखला आणि कोणत्या सहभाग्याला कोणती यादी आधी द्यायची हे आलटून पालटून ठरवले, म्हणजे यादीतला फरक आणि सत्रातला फरक एकमेकांत मिसळू नयेत.

पुनर्चाचणीचे आकडे नव्याने गोळा झाले, सहसंबंध गुणांक काढला (तो एकच्या जितका जवळ, तितके दोन्ही वेळचे गुण एकमेकांशी जुळलेले), तो चांगला आला. पण मॅडमनी गुणांक न बघता दोन्ही सत्रांची सरासरी मागितली. दुसऱ्या सत्रात ती सुमारे दोन शब्दांनी वाढली होती. यादी नवी होती, तरी हे काम कसे करायचे हे लोक शिकून आले होते. येथे सहसंबंधाचा डोळा अधू पडतो. समजा प्रत्येकाचे गुण नेमके दोनने वाढले, तर सहसंबंध पूर्ण एक येईल, कारण व्यक्तींचा क्रम आणि त्यांच्यातली अंतरे जशीच्या तशी राहिली. पण एकाही व्यक्तीचे माप पहिल्यासारखे राहिलेले नसेल. म्हणून अंतर्वर्गीय सहसंबंध वापरतात, आणि त्याचेही प्रकार अनेक आहेत. श्राउट आणि फ्लीस यांचा १९७९ चा लेख मी तीनदा वाचला, तेव्हा कुठे केवळ सुसंगती (व्यक्तींमधली अंतरे टिकणे) मोजणारा गुणांक आणि निखळ मतैक्य (माप तेच येणे) मोजणारा गुणांक यांतला भेद मनात बसला. दोन्ही काढले, दुसरा पहिल्यापेक्षा खाली आला, आणि प्रबंधात दोन्ही दिले. त्यांच्या जोडीला ब्लँड आणि ऑल्टमन यांच्या पद्धतीचा आलेख काढला, ज्यात आडव्या अक्षावर दोन मापांची सरासरी आणि उभ्या अक्षावर दोहोंतील फरक असतो. गुणांकाने जे झाकले होते ते त्या ठिपक्यांनी उघडे केले: मधल्या पट्ट्यातील लोक दोन-तीन शब्दांनी वाढले होते आणि वरच्या टोकाचे लोक जागच्या जागी होते. त्यांना वाढायला जागाच नव्हती, कारण पंधरापैकी पंधरा सांगणाऱ्याला सोळावा शब्द कोठून आणणार?

अंकविस्ताराच्या अंतर्गत सुसंगतीची, म्हणजे चाचणीतले प्रश्न आपसांत किती जुळतात याची, गोष्ट मात्र माझ्या अज्ञानाची आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ती मोजणारा क्रोनबाख यांचा अल्फा इतका सुरेख आला होता, की तो मी ठळक अक्षरात छापून नेला. या चाचणीत अंकांची लांबी वाढत जाते आणि एकाच लांबीचे दोन्ही प्रयत्न चुकले की थांबायचे असते. मॅडमनी विचारले, “थांबल्यानंतरच्या प्रश्नांना गुण काय दिलेस?”

“शून्य.”

“ते शून्य त्यांनी मिळवले की तू दिलेस?”

उत्तराची गरज नव्हती. न विचारलेल्या प्रश्नांचे सगळे शून्य एकमेकांशी अर्थातच सुसंगत असतात आणि अल्फा फुगवतात. मग मी प्रत्येक लांबीचा पहिला प्रयत्न एका गटात आणि दुसरा प्रयत्न दुसऱ्या गटात घेऊन दोन अर्ध्या चाचण्यांचा सहसंबंध काढला. अर्धी चाचणी पूर्ण चाचणीपेक्षा कमी विश्वसनीय असते, म्हणून स्पिअरमन आणि ब्राउन यांनी १९१० मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली दुरुस्ती लावायची असते: अर्ध्यांचा सहसंबंध ०.६० असेल, तर पूर्ण लांबीची विश्वसनीयता ०.७५ धरता येते. दोन्ही गट एकाच नियमाने थांबत असल्याने थांबण्याचा परिणाम यातूनही पूर्ण जात नाही. म्हणून एका छोट्या गटाला मी न थांबता सगळ्या लांबीचे अंक ऐकवले. ते लोक वैतागले, पण आकडे प्रामाणिक आले, आणि अर्थातच खाली आले.

संमिश्र कार्यात गुण कसे द्यायचे यावरही बरेच अवलंबून होते. संच पूर्ण बरोबर असेल तरच गुण द्यायचे, की पाचपैकी चार जागा बरोबर असतील तर त्या चारांचे श्रेय द्यायचे? कॉनवे आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या त्यांच्या आढाव्यात अंशतः श्रेय देण्याची शिफारस केली आहे. मी दोन्ही करून पाहिले. तीच माणसे, तीच उत्तरे, आणि केवळ गुणदानाचा नियम बदलल्याने विश्वसनीयता वर सरकली, कारण सगळे-किंवा-काहीच-नाही या नियमात जवळपास बरोबर आणि पूर्ण चूक यांतली माहिती फेकून दिली जाते.

सर्वांत मोठा धक्का विस्मरणाच्या गुणांनी दिला. पाचव्या फेरीत आठवलेल्या शब्दांतून अर्ध्या तासानंतर आठवलेले शब्द वजा केले, की विस्मरण मिळते, असे मी धरून चालले होते; माझा झोपेचा मूळ विषय सगळाच्या सगळा या एका वजाबाकीवर उभा होता. पाचव्या फेरीचे गुण विश्वसनीय होते. विलंबित प्रत्यावाहनाचे, म्हणजे अर्ध्या तासाने आठवून सांगण्याचे, गुणही विश्वसनीय होते. त्यांची वजाबाकी विश्वसनीय नव्हती. मी दोन दिवस सूत्रात चूक शोधत होते, पण चूक सूत्रात नव्हती. समजा दोन्ही मापांची विश्वसनीयता ०.८० आहे, त्यांचा पसारा सारखा आहे आणि परस्परसंबंध ०.७० आहे. वजाबाकीची विश्वसनीयता काढताना ०.८० मधून ०.७० वजा होतात आणि उरलेल्या ०.१० ला एकातून ०.७० वजा करून उरणाऱ्या ०.३० ने भागले जाते. हाती उरते ०.३३. जे दोन्ही मापांत समान होते, म्हणजे त्या माणसाची एकंदर स्मरणक्षमता, ते वजाबाकीत कटून गेले. दोन्ही मापांतल्या यादृच्छिक चुका मात्र कटल्या नाहीत, त्या एकमेकींत मिळाल्या. दोन मापे जितकी जवळची, तितकी त्यांची वजाबाकी पोकळ. क्रोनबाख आणि फर्बी यांनी १९७० मध्येच अशा फरक-गुणांबद्दल बजावून ठेवले होते. हेज, पॉवेल आणि समनर यांनी २०१८ मध्ये हाच प्रश्न व्यापक करून मांडला: प्रयोगात ज्या कार्यांचा परिणाम जवळजवळ प्रत्येक व्यक्तीत हमखास दिसतो, ती कार्ये व्यक्ती-व्यक्तींमधला भेद मोजायला बहुधा कुचकामी ठरतात, कारण सगळ्यांमध्ये सारखाच परिणाम होत असेल तर भेद उरतोच किती? अर्ध्या तासात प्रत्येक जण दोन-तीन शब्द विसरत होता. विस्मरण घडते हे सिद्ध करायला ते उत्तम होते. कोण अधिक विसरतो हे सांगायला त्याचा उपयोग नव्हता. माझ्या पाच फेऱ्यांनी बहुतेकांचे गुण आधीच चौदा-पंधराच्या छताला टेकवले होते, ही त्यात भर.

सप्रमाणतेकडे मी वळले तेव्हा निम्मे वर्ष संपले होते. कॅम्बेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये सांगितलेली मांडणी मला आवडते, कारण ती दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारते: जी मापे जुळायला हवीत ती जुळतात का, आणि जी जुळायला नकोत ती वेगळी राहतात का? पहिल्या प्रश्नात माझी अपेक्षा होती, की संमिश्र कार्य आणि एन-बॅक घट्ट जुळतील, कारण पाठ्यपुस्तके दोहोंनाही कार्यकारी स्मृतीची मापे म्हणतात. ती जेमतेम जुळली. आधी वाटले, पुन्हा आपलीच काही चूक. पण केन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हाच क्षीण संबंध नोंदवला होता, आणि रेडिक व लिंडसी यांनी २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून सरासरी सहसंबंध ०.२० च्या आसपास असल्याचे दाखवले होते. विचार केला तर ते समजण्याजोगेही आहे. संमिश्र कार्यात शब्द स्वतःहून बाहेर काढावे लागतात, ते प्रत्यावाहन झाले; एन-बॅकमध्ये समोर आलेले चिन्ह ओळखायचे असते, ती प्रत्यभिज्ञा झाली. दोहोंना एकच नाव दिले म्हणून ती एक होत नाहीत.

अर्थात, क्षीण सहसंबंध दिसला की लगेच संकल्पना वेगळ्या आहेत असेही म्हणता येत नाही, कारण अविश्वसनीय मापे एकमेकांशी जुळूच शकत नाहीत. स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच हे ओळखले होते. एका मापाची विश्वसनीयता ०.८० आणि दुसऱ्याची ०.५० असेल, तर खरी क्षमता तंतोतंत एक असली तरी दिसणारा सहसंबंध ०.६३ च्या वर जाण्याची अपेक्षा धरता येत नाही. म्हणून प्रत्येक सहसंबंधाशेजारी मी ही कमाल मर्यादाही लिहिली. एन-बॅकच्या बाबतीत मर्यादा बरीच वर होती आणि प्रत्यक्ष आकडा फार खाली होता, त्यामुळे दोष केवळ विश्वसनीयतेवर ढकलता आला नाही.

दुसऱ्या प्रश्नाने मला अधिक शिकवले. तुलनेसाठी, स्मृतीशी संबंध नसावा म्हणून, मी टंकलेखनाच्या वेगाची एक छोटी चाचणी ठेवली होती. संमिश्र कार्याचे गुण तिच्याशी जुळले, आणि एन-बॅकपेक्षा अधिक जुळले. उत्तर म्हणून शब्द टंकावे लागत होते. ज्याची बोटे सावकाश चालत, त्याचे पाचवा शब्द टंकेपर्यंत उरलेले दोन विरून जात. माझ्या ज्या मापाची विश्वसनीयता सर्वांत चांगली होती, तिच्यातला काही भाग टंकलेखनाचा होता, कारण टंकण्याचा वेगही पंधरा दिवसांनी तसाच राहतो. पुनर्चाचणीत जे टिकून राहिले ते सगळे स्मृतीचेच असेल, असे कोणी सांगितले होते? उत्तरासाठी बारा शब्दांची चौकट देऊन त्यांवर क्रमाने टिचकी मारायची सोय केली, आणि हा संबंध बराच ओसरला.

आणखी एक चोरवाट उरली होती. काही जण गणिताकडे दुर्लक्ष करून मनातल्या मनात शब्द घोकत होते. म्हणून गणितात किमान ८५ टक्के उत्तरे बरोबर हवीत, अशी अट या प्रकारच्या कार्यात बहुधा घालतात. मीही ती घातली आणि काही सहभागी गळाले. गळालेल्यांमध्ये गणित खरोखर न जमणारे किती आणि शहाणे किती, हे मला आकड्यांवरून सांगता आले नाही.

म्हणून शेवटच्या टप्प्यात मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: “लक्षात ठेवण्यासाठी तुम्ही नेमके काय केलेत?” एवढे साधे काम मी पहिल्या दिवसापासून करायला हवे होते. एकीने सगळे शब्द एका घराच्या खोल्यांमध्ये ठेवले होते. एकाने प्रत्येक फेरीत आधीचे सोडून फक्त नवे शब्द ऐकले. एकाने शब्दांची आद्याक्षरे जोडून एक बिनअर्थाचा शब्द बनवला आणि तो मला मोठ्या अभिमानाने म्हणून दाखवला. तिघांचे गुण सारखे होते. संख्या तीच, पण ती जन्माला घालणारी मनातली कामे तीन, आणि माझ्या कोष्टकात तिघे एकाच रकान्यात. काहींनी दोन सत्रांच्या मध्ये युक्ती बदलली होती. त्यांचे गुण सर्वांत अधिक हलले होते. ज्याला मी वर्षभर मापनाची चूक म्हणत आले, तिच्यातला काही वाटा माणसांनी शहाणे होण्याचा होता.

तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी कोष्टके शांतपणे उलटली आणि विचारले, “यांपैकी कोणत्या गुणांवरून तुम्ही एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय घ्याल?” मी मापनाच्या प्रमाण त्रुटीचे, म्हणजे एका व्यक्तीचे गुण चुकीपोटी किती हलू शकतात त्या अंदाजाचे, पान उघडून दाखवले. प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा पसारा, तीन शब्दांचे आणि विश्वसनीयता ०.७५ धरली, तर त्रुटी दीड शब्दाची येते. दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरली, तर आज दहा शब्द सांगणाऱ्याची खरी पातळी सात ते तेराच्या दरम्यान कोठेही असू शकते. “एकाही नाही,” मी म्हणाले. “आणि गटांची तुलना करायची असेल तर?” यादीची पाच फेऱ्यांची बेरीज आणि अंशतः श्रेयाने गुण दिलेले संमिश्र कार्य, ही दोन मी घेईन असे सांगितले. “विस्मरण?” ते मी प्रबंधातून काढले होते, फक्त ते का काढले याची आठ पाने ठेवली होती. त्यांनी त्या पानांना खूण केली आणि पुढचा प्रश्न झोपेबद्दल विचारला.

झोपेचा अभ्यास आता सुरू झाला आहे. शब्द पाचऐवजी दोनदाच ऐकवते, म्हणजे गुण छताला टेकत नाहीत. विस्मरण वजाबाकीने न काढता, सुरुवातीचे गुण हिशेबात धरून विलंबित गुणांचे अनुमान काढते. आणि यादी चौथी आहे. त्या पहिल्या सहभाग्यालाही पुन्हा यायचे होते, पण त्याला नाही म्हणावे लागले. जाताना त्याने जुन्या यादीतले अकरा शब्द म्हणून दाखवले, पहिल्या वेळेपेक्षा दोन जास्त.